अंगावरच्या दोन रेघा

मित्रांनो, मी एक जुने सागवानी कपाट आहे. शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी असलेल्या एका लहान शाळेत मी राहते. माझे उजवे दार नीट लागत नाही. त्याची मला लाज वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

गडहिंग्लजच्या एका सुताराने मला घडवले. चाळीस वर्षे मी या शाळेची पुस्तके सांभाळली. मुलांच्या बोटांनी माझ्या कडा झिजल्या आणि गुळगुळीत झाल्या. त्याहून चांगली झिलई मला कुणी दिली नाही.

मग २०१९ चा महापूर आला. नदी वर्गात शिरली आणि माझ्या चौथ्या फळीपर्यंत चढली. पुस्तके माझ्या पोटातच फुगली, आणि मला त्यांच्यासाठी काहीही करता आले नाही. दोन वर्षांनी नदी पुन्हा आत आली. तेव्हा माझे दार फुगले, ते कायमचेच. आमच्याकडे पुराचे पाणी जिथवर चढते, तिथे रेघ ओढून साल लिहितात. मुलांनी खिळ्याने माझ्या अंगावरही दोन रेघा कोरल्या.

यंदा एका संस्थेने शाळासुधार स्पर्धा जाहीर केली. विद्यार्थी आणि शिक्षकांनी मिळून शाळेची एक गरज मांडायची आणि जिंकणाऱ्या शाळेला निधी मिळायचा. सातवीतल्या क्रांतीने अर्ज लिहिला, 'पुस्तकांसाठी वरच्या मजल्यावर एक खोली हवी.' मुख्याध्यापक बाळासो गुरुजींनी त्यावर सही केली.

परंतु परीक्षक येणार हे कळताच गुरुजींमधला यजमान जागा झाला. पाहुण्यांना घरातले उणे दिसू द्यायचे नाही, ही आमच्या गावाची रीत. भिंती रंगल्या, पताका लागल्या. माझ्या रेघांत रंगाऱ्याची चिकट लांबी भरली गेली आणि वरून निळा रंग चढला. दार सुतळीने बांधून त्यावर पडदा सोडला गेला.

"गुरुजी, रेघा कशाला मुजवल्या?" क्रांतीने विचारले.

"मग पावण्यांस्नी चिखल दाखवायचा व्हय गं?"

परीक्षक संयोगिताताई आल्या. त्यांनी सगळे वर्ग पाहिले, शाळेत स्वयंपाक करणाऱ्या धोंडुबाईंनी केलेला शिरा खाल्ला आणि प्रसन्नपणे म्हणाल्या, "शाळा फारच सुंदर आहे. खरे सांगू? इथे कशाची उणीव दिसत नाही."

गुरुजी अभिमानाने हसले. मग त्या वाक्याचा अर्थ त्यांच्या ध्यानात आला आणि हसू ओठांवरच विरले. ताई वही मिटत होत्या.

तेवढ्यात क्रांती माझ्याजवळ आली. तिने पडदा ओढला आणि सुतळी सोडली. माझे दार करकरत उघडले. आयुष्यात इतक्या मोठ्याने मी कधी बोलले नव्हते.

"क्रांते, गप की!" गुरुजी पुटपुटले.

"गप बसून खोली मिळत न्हाय, गुरुजी."

तिने कंपासपेटीतले कर्कटक काढून वरची रेघ खरवडली. मग माझ्या अंगाला पाठ टेकून ती ताठ उभी राहिली. रेघ तिच्या डोक्याच्याही वर होती.

"म्याडम, हितंवर पाणी हुतं. तवा मी पैलीत हुतो. माझं गोष्टीचं पुस्तक ह्याच्यातच गेलं."

गुरुजी पुढे आले. आता ते तिला रागावणार, असे मला वाटले. त्यांनी तिच्या हातातले कर्कटक घेतले आणि खाली वाकून दुसरी रेघ स्वतः खरवडली. ताईंनी वही पुन्हा उघडली.

आज मी वरच्या मजल्यावरच्या नव्या खोलीत उभे आहे. आठ जणांनी मला जिन्याने वर आणले. सुतार दार तासून देतो म्हणाला, तेव्हा गुरुजींनी त्याला अडवले, "फळ्यांस्नी तेल लाव. दार ऱ्हाऊ दे तसंच."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. माझी धूळ पुसा, माझ्या फळ्या कोरड्या ठेवा. पण कुणी पाहुणा येणार म्हणून माझ्या रेघा बुजवू नका. बुजवल्यात, तर मी पुन्हा करकरेन.