मार्तंडरावांची 'वा!'

मी फोनो, म्हणजे चावीचा ग्रामोफोन, बोलतोय. हसता काय? भोंगा चेपलाय, कडेला गंज चढलाय, पण बोलणारा मीच. खर्ड्याच्या मार्तंडराव पेटीवाल्यांच्या ओसरीवर, खुंटीशेजारच्या फळीवर माझं ठाणं. शेजारी एक ट्रान्झिस्टर ठेवलाय. कालचं पोर, पण रुबाब बघा! कान पिळला की बोलायला लागतं. ना चावी, ना मेहनत. वर गाण्याच्या मध्येच साबण विकतं. आम्ही आयुष्यात असला चावटपणा केला नाही.

माझं शिक्षण अर्धंमुर्धं. शाळेची भिंत आमच्या भिंतीला लागून, त्यामुळे चौथीपर्यंतचं सगळं ऐकून पाठ झालं. पुढचे वर्ग पलीकडच्या इमारतीत भरायचे, म्हणून माझी विद्या तिथंच खुंटली. तेव्हा बोलण्यात चूकभूल दिसली तर भिंतीला बोल लावा.

लाकूड सागवानी, पोटातली स्प्रिंग विलायती, भोंगा पितळी. म्हणजे माझी जात विचारायची सोय नाही. जन्माचं काही आठवत नाही, आठवतं ते नगरचं दुकान. तिथं एक दिवस नवं जोडपं आलं. नवरा काठीसारखा, नवरी डोळ्यांनी हसणारी. दुकानदार म्हणाला, "कोणती तबकडी लावून दाखवू?" नवरीनं पिशवीतून स्वतःचीच काढली. तबकडी फिरली आणि माझ्या तोंडून पहिल्यांदा आवाज निघाला, तो त्या नवरीचा. दुकानदार एकदा माझ्याकडं बघतो, एकदा तिच्याकडं. त्याचा आ मिटेना. मला तेव्हाच कळलं, या घरी मजा आहे.

ती पुष्पावती. पुढं सगळ्या गावाची पुष्पाबाई.

तेव्हा बोलपट नवेनवे बोलायला लागले होते, आणि लागले ते गप्पच बसेनात. राजा मेला, गाणं. राणी रुसली, गाणं. पहारेकऱ्याला शिंक आली तरी गाणं! गाणारणीनं कॅमेऱ्यासमोरच गायचं आणि वाजवणाऱ्यांनी मात्र दिसायचं नाही, अशी तऱ्हा. मग पुण्याजवळच्या एका आमराईत तबलजी झुडपामागं दडलेला, सारंगीवाला पुठ्ठ्याच्या देवळात कोंडलेला, आणि आमचे मार्तंडराव पेटीसकट आंब्यावर. पेटी फांदीला बांधलेली, ते स्वतः फांदीला मिठी मारून. खाली पुष्पावती गातेय आणि वर लाल मुंग्या यांचा फराळ करतायत.

"सूर एक हलला नाही हं यांचा," पुष्पाबाई सगळ्यांना सांगायच्या. "फांदी तेवढी हलत होती. बघणाऱ्यांना वाटलं, काय सुरेख वारा सुटलाय!"

पुढं त्याच गाण्याची तबकडी काढली. खोलीभर गोधड्या टांगल्या, खिडक्या बंद केल्या. मेणाच्या थाळीवर आवाज कोरायचा होता आणि थाळी एकच उरलेली. पुष्पावती गायली. गाणं संपलं. यंत्रावरचा साहेब ते थांबवायला हात पुढं करतोय, तोवर मार्तंडरावांच्या तोंडून निसटलं, "वा!"

झालं. कोरलं गेलं. साहेब तांबडालाल. पुष्पावती मात्र तोंडाला पदर लावून अशी हसली म्हणता! यांचं लग्न त्या 'वा!'वर जमलं असं माझं मत आहे. पत्रिका वगैरे नंतर.

बोलपट काही चालला नाही. त्याची रिळं पुढं गोदामात पेटून गेली. राहिली ती तबकडी. तिच्या थोड्याशा प्रती बाजारात गेल्या, त्यांना कुणी विचारलं नाही, पण आमच्या घरात तिच्याइतका मान देवालाही नव्हता.

पुष्पाबाई मग कुठं गायल्या नाहीत. स्वयंपाकघरात मात्र गायच्या, आणि ओसरीवरून मार्तंडरावांची दाद यायची, "वा!"

"गाण्याला म्हणालात की फोडणीला?"

"फोडणीला. गाणं जरा करपलंय."

आत भांडं आपटायचं. मग दोघंही हसायची. हे भांडण मी इतकी वर्षं ऐकलं, पण कधी शिळं लागलं नाही.

मीही कमी चावट नव्हतो. लग्नकार्यात बैलगाडीतून मिरवत जायचो. चावी द्यायचा मान नवरीच्या मामाचा. मामानं ऐटीत येऊन कमी चावी दिली की मी बरोबर ऐन भरात ढेपाळायचो. गाणारीण गाता गाता म्हशीसारखी हंबरायला लागायची आणि मांडव मामाला हसायचा. पुढं लाउडस्पीकर आला, मग हा ट्रान्झिस्टर आला. मला मांडवात कुणी बोलवेना. मी फळीवर बसलो ते बसलोच.

वर्षाचा एक दिवस मात्र माझा. खंडेनवमी. शेतकरी नांगराला गंध लावतो, सुतार करवतीला, तशी आमच्याकडं पेटीची आणि माझी पूजा. पुष्पाबाई माझ्या भोंग्यावर हळदकुंकू लावायच्या, झेंडूची माळ घालायच्या. मग लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेली तबकडी काढून एकदाच लावायची. शेवटी 'वा!' आली की म्हणायच्या, "मेले, मध्येच बोलले!" दरवर्षी तेच, आणि दरवर्षी मार्तंडराव लाजायचे.

गेल्या माघात पुष्पाबाई गेल्या. ताप आला काय आणि संपलं काय.

मार्तंडराव रडले नाहीत. लोक म्हणाले, म्हातारा घट्ट आहे. मला माहीत होतं तो कशावर घट्ट आहे. सून म्हणाली, "मामंजी, आईंची तबकडी लावू का? बरं वाटेल." तर म्हणाले, "आत्ता नको. खंडेनवमीला लावू. ती तिची वेळ आहे."

तो दिवस गाठायचा म्हणून माणूस जेवत होता.

सुनेचं नाव नीलांबरी. नाव रागाचं, पण गळा पत्र्याचा. मन मात्र लोण्याचं. नवरा जामखेडला कचेरीत, ही सासऱ्यांना सांभाळून इथं. सासूवर तिचा फार जीव होता.

नवमी उजाडली. पाऊस न झालेलं वर्ष, सकाळपासूनच ऊन भाजत होतं. तबकडीवर टेकवायच्या माझ्या पिना संपलेल्या, त्या आणायला मार्तंडराव पहिल्या एस.टी.नं जामखेडला गेले. जाताना दाढी करून गेले. मी म्हटलं, वा रे नवरदेव!

नीलांबरीनं पेटी पुसली, मला पुसलं, गंधफूल वाहिलं. मग तिनं तबकडी काढली. तिच्याकडं बघत उभी राहिली. डोळे भरून आले. "आई, तुम्ही तर यातच आहात," असं म्हणाली आणि ओलं हळदकुंकू बोटानं तबकडीवर लावलं. वर अक्षता. वर फूल. वाकून नमस्कार केला.

मी ओरडलो. खरंच ओरडलो. पण मला नुसता भोंगा आहे हो, गळा नाही. दुसऱ्यानं दिलेलं तेवढंच मी बोलतो.

फूल उचलताना तिच्या लक्षात आलं की कुंकू रेघांत उतरलंय. पदरानं पुसलं तर आणखी पसरलं. घाबरून तिनं शेजारच्या बनुबाईंना हाक मारली. बनुबाईंनी निवांत बघितलं.

"आगं, यवढंच व्हय? ताटावानी हाय की. धुवून टाक."

"खराब नाही ना होणार, काकू?"

"काय हुतंय? धू, आन् पत्र्यावर टाक उन्हात. पापड कसं वाळतंय? घटकाभरात खडखडीत!"

धुतली. न्हाणीच्या पत्र्यावर, सांडग्यांच्या शेजारी, वाळत घातली. दसऱ्याचं ऊन, तापलेला पत्रा आणि लाखेची तबकडी. पुढं मी काय सांगू? नीलांबरी उतरवायला गेली तेव्हा तबकडीच्या कडा कुरडईसारख्या वर आल्या होत्या. तिनं घाईघाईनं दाबून सरळ करायला बघितलं, आणि त्या दुसरीकडं वळल्या.

तेवढ्यात मार्तंडराव आले. चेहरा खुललेला. "दुकानदार हसला मला," दारातूनच सांगायला लागले. "म्हणतो, आजोबा, पिना आता कुठल्या? म्हटलं, राहू दे तुझ्या पिना. येताना बाभळीचे काटे तोडून आणलेत बघ, एक नंबर! पूर्वी पिना संपल्या की तिनंच ही युक्ती..."

तबकडी त्यांच्या नजरेला पडली.

बनुबाई पुढं झाल्या. "आण्णा, तिला काय बोलू नगा. म्याच सांगितलं. मला माराय झालं तर मारा, पर तिला न्हाई."

मार्तंडरावांनी तबकडी दोन्ही हातांनी उचलून माझ्यावर ठेवली. चावी दिली, पोटभर. पिनेच्या डबीत बाभळीचा काटा बसवला. लावली.

काटा टेकडीवर चढला आणि दरीत पडला. पुन्हा चढला, पुन्हा पडला. खर्र, मग चिंधीएवढा आवाज, मग खर्र. मी जीव तोडून प्रयत्न केला. जन्मभर लोकांच्या गाण्याची म्हैस केली, आणि आज एकदा, एकदाच नीट गायचं होतं, तर माझ्या तोंडून काय निघालं, ते तुम्ही ऐकलं नाहीत तेच बरं.

ते थांबवेनात. ऐकत राहिले. बनुबाईंनी कानांवर हात ठेवले.

आणि अगदी शेवटी, मधल्या कागदाजवळ, जिथं तबकडी अजून सपाट होती, तिथं काटा सरळ चालायला लागला. गाणं तर संपलेलं. स्वच्छ, कोवळ्या आवाजात कुणी तरी म्हणालं,

"वा!"

मार्तंडरावांनी मला थांबवलं.

"मामंजी," नीलांबरी म्हणाली, "मला पाठ आहे ते गाणं. आईंचं ऐकून ऐकून. म्हणू का?"

ते म्हणाले, "म्हण."

ती म्हणाली. देवा! एक सूर जागेवर नाही, अंतऱ्यात तर दोनदा रडली. एरवी मी तिची अशी टर उडवली असती की बास. पण ती शेवटपर्यंत म्हणाली. मार्तंडरावांनी काटा उचलला, कागदाजवळ टेकवला आणि मला पुन्हा सुरू केलं.

"वा!" मी म्हणालो. म्हणजे ते म्हणाले. आंब्याच्या फांदीवरून उतरलेला तो पोरगा म्हणाला.

नीलांबरी त्यांच्या पायांशी बसून हमसाहमशी रडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तिची आहे गं ती दाद. आज तुला उसनी दिली." आणि मग, माघापासून अडवून धरलेलं सगळं, मार्तंडराव रडले.

त्या दिवसापासून त्यांनी मला हात लावलेला नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. ओसरीवर बसतात, स्वयंपाकघराकडं कान लावून. आत भांडं पडलं तरी मान वर करतात. ट्रान्झिस्टर बडबडत असतो. मला वाटतं, त्यांना तो ऐकूच येत नाही.

आता एवढंच सांगतो आणि गप्प बसतो. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या लुगड्यांखाली एखादी काळी तबकडी असली आणि तिच्यावर पुष्पावती असं नाव असलं, तर तिची पूजा करू नका. धुऊ तर मुळीच नका. तशीच खर्ड्याला आणा. एस.टी.तून उतरून पेटीवाल्यांचं घर विचारलं की कुणीही सांगेल. काटे तयार आहेत. म्हातारा दाढी करून बसेल.

नवमीला दिलेली चावी अजून थोडी माझ्या पोटात आहे. ती मी उगाच खर्चत नाही.