आंधळ्या नळीतलं पाणी

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला डोंगरातून एक ओढा उड्या मारत खाली येतो आणि वाडीच्या वरच्या अंगाला दोन कड्यांच्या फटीत शिरतो. तिथून शंभरएक पावलं तो कुणालाच दिसत नाही. लोक त्या फटीला आंधळी नळी म्हणतात. पावसाळ्यात वरून वाकून पाहिलं तर नुसते तुषार, खालून पाहिलं तर नुसता फेस.

दीना अमोलिक श्रीरामपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची आणि सुट्टी मिळाली की कयाक, म्हणजे एका माणसाची अरुंद होडी, घेऊन नद्या शोधत हिंडायची. मे महिन्यात ती या नळीतून चालून गेली होती. दोरी सोडून उंची मोजली, फोटो काढले, वहीत नकाशा काढला. ऑगस्टमध्ये ती परत आली ती गाडीच्या टपावर कयाक बांधूनच. सोबत नगरचा रिझवान होता, चार वर्षांपासूनचा तिचा वल्ह्यावरचा जोडीदार. गेल्या महिन्यात त्याचा खांदा निखळला होता, म्हणून या वेळी तो काठावरून दोर फेकायला.

दोघं वरच्या खडकावर उभं राहून पाणी बघत होते, तेव्हा प्लॅस्टिकची खोळ पांघरलेली एक बाई त्यांच्यामागे येऊन थांबली. हातात खेकड्यांची टोपली. तिने आधी कयाकवर टिचकी मारून पाहिली.

"ह्याच्यात बसून कुठं निघालीस, बाई?"

"नळीतून खाली, मावशी."

"नळीतून?" बाई हसली नाही. खाली बसली. "मी चांगुणा. साठ वर्सं झाली हितं. पावसाळ्यात आत काय व्हतं ते आजवर कुनी बघितलं न्हाई. कुठल्या अंगानं जानार?"

नळीच्या तोंडाशीच एक मोठा धोंडा पाण्याचे दोन भाग करत होता. डावीकडची धार रुंद आणि गुळगुळीत होती, उजवीकडची अरुंद आणि खवळलेली. दीनाने डावीकडे बोट दाखवलं आणि मेमध्ये आतून चालून गेल्याचं सांगितलं.

"मेमध्ये तिथं काय दिसलं तुला?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"डबकं होतं. गळ्याएवढं. मी कडेकडेनं गेले."

"म्हंजे तळ न्हाई बघितला. त्या डबक्याच्या मागं धोंड्याच्या पोटात कपार हाय. आटलेल्या साली मी तिथं खेकडं धरती. मानूस उकिडवा बसंल एवढी मोठी. पण आता पानी त्यात जातं का, ते मला काय ठाऊक?"

रिझवानने दीनाकडे पाहिलं. ती वही उघडून उभी होती, पण काही लिहीत नव्हती.

"मावशी, इथं हलकं लाकूड कुठं मिळेल?" तिने विचारलं.

चांगुणाबाईंनी पडलेला पांगारा दाखवला. तिघांनी मिळून वीतभर लांबीचे बारा तुकडे तोडले. सहा तुकड्यांना तांबड्या चिंध्या बांधल्या, सहांना पांढऱ्या. रिझवान खाली, नळी जिथे संपते त्या डोहाशी गेला. दीनाने पांढरे उजव्या धारेत टाकले, तांबडे डाव्या धारेत, आणि धावतच खाली आली.

"पांढरे सहाच्या सहा आले," रिझवान म्हणाला. "वीस मोजेपर्यंत."

"आणि तांबडे?"

"अजून एकही नाही."

तिघं डोहाकाठी बसून राहिले. दहा मिनिटांनी एक तांबडा आला. त्याची साल पार सोलून निघाली होती. आणखी अर्धा तास वाट पाहिली. बाकीचे पाच आले नाहीत.

"दीना, आज राहू दे," रिझवान म्हणाला.

"डावीकडून गेले असते तर मी मेले असते. पण उजवीकडची वाट मोकळी आहे, हे आपण आत्ताच पाहिलंय."

"लाकूड आणि माणूस यांत फरक आहे."

"आहेच. लाकडाला वल्हं मारता येत नाही."

रिझवानने डोक्याला हात लावला आणि दोराची पिशवी उचलली.

वर जाऊन दीना कयाकमध्ये शिरली. पाणी आत शिरू नये म्हणून कमरेभोवतीचं रबरी आवरण ताणून होडीच्या तोंडावर बसवलं. नळीआधीची पहिली पुरुषभर उंचीची उडी नीट गेली. दुसऱ्या उतारावर होडी खडकाला घासली, पण सरळ राहिली. मग धोंडा समोर आला. पाणी तिला डावीकडे ओढत होतं, वाटलं होतं त्याहून कितीतरी जोराने. तिने डाव्या बाजूने एकामागून एक तीन वल्ही मारली. होडीचं नाक वळलं आणि ती उजव्या धारेत पडली.

आत अंधार नव्हता. हिरवा उजेड होता. धोंड्याच्या मागे पाणी संथ होतं, तिथे तिने होडी घुसवली, खडकाला हात लावला आणि मागे वळून पाहिलं. कपारीच्या वरच्या फटीतून आतलं पाणी दिसत होतं. जात्यासारखं गरगर फिरत होतं, आणि त्यात तांबड्या चिंध्या बांधलेले चार तुकडे. पाचवा कुठेच नव्हता. ती बघतच राहिली.

तेवढ्यात होडी सरकली. शेवटच्या उडीला ती आडवी गेली आणि उलटली. डोकं खाली, कानात नुसता घरघराट. होडी सुलटी करायला तिने वल्हं पाण्याला टेकवलं, कंबर झटकली. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा आकाश दिसलं. समोर डोह होता आणि रिझवानचा दोर तिच्या छातीवर येऊन पडला होता.

काठावर येताच ती खोकत खोकत हसायला लागली. रिझवान तिचे दोन्ही खांदे धरून उभा होता.

चांगुणाबाई लगेच पुढे झाल्या. "काय व्हतं आत?"

दीनाने सगळं सांगितलं. हिरवा उजेड, फिरणारं पाणी, चार तुकडे. चांगुणाबाईंचे प्रश्न संपेनात. पाणी कुठल्या अंगानं फिरत होतं? वर नेचे होते का? खडकाला तांबूस पट्टा आहे, तो बुडाला होता की उघडा?

"उघडा होता. पाण्याच्या हातभर वर."

"म्हंजे अजून लई पानी मावतंय त्यात." मग कयाकभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, "हितं काठाला मी बसले तर बुडंल का गं?"

डोहाच्या काठचं पाणी शांत होतं. रिझवानने होडी धरली, दीनाने त्यांना लाइफ जॅकेट चढवलं. लुगडं घट्ट खोचून चांगुणाबाई बसल्या. वल्हं एकदा मारलं, होडी गर्रकन वळली आणि त्यांचं तोंड काठाकडे झालं.

"ए पोरी," त्या म्हणाल्या, "मी उजवीकडं मारलं, तर ही डावीकडं का वळली?"

दीना कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि समजावून सांगू लागली.