डोणीतलं पाणी

अर्ज मीच लिहिला होता.

२००९च्या फेब्रुवारीत आमच्या कॉलनीच्या मागच्या भिंतीवर बिबट्या दिसला आणि बदलीवर जयपूरला आलेल्या आम्हा विमावाल्यांची झोप उडाली. हर्षाली माझी तीन वर्षांची. तिला मी अंगणातसुद्धा एकटी सोडेना.

"ऋचाताई, तुम्ही एम. ए., तुम्हीच लिहा," कॉलनीचे सेक्रेटरी गुलाबराव म्हणाले. "आणि मुद्दे तीन हवेत हं. दोन मुद्द्यांचा अर्ज साहेब लोक वाचत नाहीत."

भिंतीवर तार लावा, हा पहिला. मागच्या रस्त्याला दिवे, हा दुसरा. तिसरा सुचेना. मग आकडा भरायला लिहून टाकलं, टेकडीखालच्या वस्तीचा जंगलातला वावर बंद करावा. वाक्य वजनदार वाटलं. सत्तावीस सह्या झाल्या.

तारेला निधी नव्हता. दिवे दुसऱ्या खात्याकडे. तिसऱ्या मुद्द्याला मात्र काहीच लागत नव्हतं. आठ दिवसांत जंगलाच्या फाटकावर गार्ड बसला. आम्हाला सकाळी फिरायचे पास मिळाले, वस्तीला मज्जाव.

मे महिन्यात एके सकाळी कलावती दारात आली. ही त्याच वस्तीतली, हर्षालीला शेळीचं दूध घालणारी. दुधाबरोबर तिच्या हातात एक कागद होता.

"बाईजी, वाचून दाखवा. सोमवारी कोर्टात बोलावलंय म्हणतात."

जंगलात अनधिकृत प्रवेश, असं लिहिलं होतं.

"लाकडं आणायला गेली होतीस?"

"लाकडं? पाणी टाकायला!" ती उसळलीच. "आत दगडाची डोणी आहे. उन्हाळाभर प्रत्येक घरानं रोज एक घडा ओतायचा, माझ्या सासूच्या सासूपासूनची रीत. बघेरा तिथंच पितो, मग खाली कशाला येईल? यंदा डोणी कोरडी ठणठणीत. परवा आमच्या शेळ्यांच्या गोठ्यापाशी येऊन बसला. मतलब, मी करू काय? गेले चोरून."

बघेरा म्हणजे बिबट्याच. मी कागद खाली ठेवला.

"कलावती, तो अर्ज मी लिहिला होता."

"माहीत आहे. गार्डनं नाव वाचलं तुमचं."

"मग माझ्याकडे कशी आलीस?"

"वाचता तुम्हालाच येतं ना!"

तशीच वनखात्याच्या चौकीवर गेले. साहेबांनी फाइल काढली. "मॅडम, आपलीच मागणी आहे."

"चूक होती. माझी सही मागे घेते."

"घ्या की. सव्वीस उरतात." वर हसून म्हणाले, "पिढ्यान्‌पिढ्या आत जात असतील, तर काही कागद दाखवावा त्यांनी."

ओतलेल्या पाण्याचा कागद! कोण देणार होतं तो, बिबट्या?

डोणीचं सांगायला गुलाबरावांकडे गेले तर ते उलट माझ्यावरच. "अहो, घरात लहान मूल आहे तुमच्या!"

"म्हणूनच सांगतेय, काका."

"पाण्याचं निमित्त हो. ह्या लोकांना आत जायला कारण हवं."

"आणि तुम्ही रोज कशाला जाता?"

"आम्ही? आम्ही फिरायला जातो!"

सोमवारी कोर्टात साक्ष देईन म्हटल्यावर माझा नवरा कौस्तुभ वैतागला. "आपण चार वर्षांचे पाहुणे, ऋचा. कशाला पडतेस यात?" पाहुण्यांनीच घरच्यांना बाहेर काढलंय, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कलावतीचा भरलेला घडा मी कमरेवर घेतला आणि फाटकावर गेले. ती बाहेरच थांबली. गार्ड आडवा आला.

"मॅडम, बाटली चालते. घडा नाही."

"मग लिहा माझं नाव. करा केस."

माझ्यामागे सकाळी फिरायला आलेल्यांची रांग लागली. गुलाबरावही त्यात, पांढऱ्या बुटांत. गार्डनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्या पासाकडे पाहिलं, वही मिटली आणि बाजूला झाला.

"जाइए मॅडम."

"का? तिची केस केलीत ना? घडा तोच आहे. लिहा!"

"आप तो साहब के घर से हैं."

माझ्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. हलायचंच नाही असं ठरवून मी उभी राहिले. तेवढ्यात मागून कलावती ओरडली, "बाईजी, भांडण आल्यावर करा! आधी पाणी टाका, ऊन चढतंय."

गेले. घडा कमरेवर ठरेना, अर्धी साडी भिजली. पहिल्याच वळणावर दोन वाटा फुटल्या. रोज फिरायला येत होते, पण डोणी कुठे ते मला ठाऊकच नव्हतं.

"कुठून जाऊ गं?"

"डावीकडून!" फाटकाच्या गजांना धरून ती सांगत होती. "धोक म्हणतात त्या मोठ्या झाडापाशी! आणि हळू चाला, सांडतंय सगळं!"