साल्वोच्या मातीची दृष्ट

दहा कुंड्या, माती एकच. सिसिलीच्या किनाऱ्यावरच्या साल्वोच्या शेतातली, रीतसर परवानगी काढून आणलेली. तिथल्या विहिरींत समुद्र शिरलाय आणि त्याच पाण्यावर टोमॅटो पोसून जमीन खारावलीय. माझ्या पीएचडीचा प्रश्न एवढाच, की जिप्सम घालून गोड्या पाण्याने धुतली तर ती सुधारते का? पाच कुंड्यांना उपचार, पाच तशाच. सगळ्या आयर्लंडमध्ये, वॉटरफोर्डला आमच्या घरामागच्या काचेच्या खोलीत.

पहिले दोन आठवडे उपचाराच्या कुंड्यांतला खार उतरला, रोपं तरारली. मग दर रविवारी मीटरवरचा आकडा चढायला लागला. मी मीटर बदलला, नळाचं पाणी तपासलं, नवऱ्यावर उगाच खेकसले. "होईल गं, ग्रँड," रुपेश इथल्या लोकांसारखं म्हणाला, म्हणजे सगळं ठीक. काय डोंबल ग्रँड. न घातलेलं मीठ येतं कुठून? माझं डोकंच चालेना.

साल्वोला याच आठवड्यात ठरवायचं होतं, पुन्हा लागवड करायची की शेत पंचवीस वर्षांसाठी सोलरवाल्यांना द्यायचं. शेवटी आज सकाळी मी त्याला कळवलं, माती सुधारत नाही. लिहिताना रडूच आलं.

दुपारी कुंड्या आवरायला घेतल्या, तर मातीत मोहरीचे दाणे.

आई तीन महिन्यांसाठी अलिबागहून आलीय. तिला विचारलं, "हे काय गं?"

"दर शनिवारी दृष्ट काढते की. तू लायब्ररीत असतेस. मीठमोहरी गॅसवर टाकली तर धुराने तुमचा तो छताचा भोंगा बोंबलतो. मग तिथल्या तिथे मातीतच पुरते."

"कुठल्या कुंड्यांची?"

"त्याच पाच. चांगली वाढत होती ना? मरतुकड्यांना कुणाची दृष्ट लागतेय?"

हसावं की रडावं तेच कळेना. चिडायचं तरी कुणावर? मूठ मूठ मीठ तिने मायेनेच घातलं होतं. मग उपचार लागू पडत होता? की दोन आठवड्यांनी त्याचा परिणाम आपोआपच थांबला असता?

साल्वोला फोन लावला. तो वकिलाच्या दारात उभा होता.

"सही करू नकोस," मी म्हणाले.

"म्हणजे माती सुधारतेय?"

माझ्याकडे खरे आकडे दोनच आठवड्यांचे होते.

"माहीत नाही," मी म्हणाले. "पण सही करू नकोस."