मागची सीट

"मागे बस," फिटर म्हणाला.

"मागे कशाला? गाडी मी चालवतो, आणि ती पुढे बसून."

"अरे बाबा, स्प्रिंगा मागच्या बदलायच्यात ना? मग बूड मागेच टेकव."

सुसाट कुरकुरत मागे बसला. सुसाट हे त्याचं शर्यतीच्या मैदानावरचं नाव. एरवी तो लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणजे जगाला वर न्यायचा आणि स्वतः होता तिथेच राहायचा. हिरवा दिवा लागला की पापणी लवायच्या आत याची गाडी सुटलेली असे. पण सुटताना तिची मागची बाजू खाली बसायची, पुढची चाकं जागच्या जागी फिरायची आणि शेजारचा निघून जायचा. म्हणून महिन्यापूर्वी त्याने मागे कडक स्प्रिंगा टाकल्या होत्या. आता त्याहून कडक हव्या होत्या. रविवारी शेवटची फेरी होती, आणि जिंकणाऱ्याला मोठ्या संघात घेणार होते. पुढच्या वर्षी हा वयात बसत नव्हता. आता नाही तर कधीच नाही.

याच गाडीतून तो रोज सकाळी आईला हॉस्पिटलात न्यायचा. तिचा आजार हाडांत उतरला होता.

"तिला त्रास होतो का रे?" गाडी रस्त्यावर घेत फिटरने विचारलं.

"छे! रोज विचारतो मी. म्हणते, पाळण्यात बसल्यासारखं वाटतं."

पहिल्याच खड्ड्यात सुसाटचे दात एकमेकांवर आपटले. दुसऱ्यात कंबरेतून अशी कळ गेली की त्याने दरवाजावरची मूठ पकडली. ती एका बाजूने हातातच आली. स्क्रू उपसला होता आणि मुठीला आईचा रुमाल घट्ट गुंडाळलेला होता. त्या बाईला हल्ली पाण्याचा तांब्या उचलवत नव्हता, आणि तिने हे उपटलं होतं.

"थांबव! थांबव म्हणतो ना!"

फिटरने गाडी कडेला घेतली. "हवे तेव्हा नरम-कडक करता येतात असे शॉकअप मिळतात. पण यायला पंधरा दिवस. नाहीतर तुझ्या जुन्या स्प्रिंगा पडल्यात माझ्याकडे. आज त्या घालू, शनिवारी परत कडक."

"आयत्या वेळी बदललेल्या गाडीवर हात बसत नाही. आठवडाभर सराव लागतो."

"मग तूच सांग. उद्या सकाळी ती इथेच बसणार आहे."

सुसाट रडायला लागला. चाळिशीला टेकलेला बाप्या, पण पोरासारखा हुंदके देत होता. तो आईसाठी रडत होता आणि स्वतःसाठीही. स्वतःसाठी जरा जास्तच, आणि त्याची त्याला भयंकर लाज वाटत होती.

"जुन्या टाक," शेवटी तो म्हणाला. "आणि रविवारचं माझं नाव काढायला सांग त्यांना."

दुसऱ्या दिवशी गाडी कोपऱ्यावरच्या खड्ड्यातून गेली तेव्हा आईने सवयीने मूठ धरली, आणि मग सोडली.

"काय केलंस रे गाडीला? हरशील ना मेल्या!"

"तू गप्प बस गं."

सिग्नलला त्याने आरशात पाहिलं, तर आई झोपली होती, तोंड उघडं टाकून. गाडीत ती झोपलेली त्याने कधी पाहिली नव्हती.

दिवा हिरवा झाला. सुसाटने क्लच अलगद, अगदी अलगद सोडला. मागून हॉर्न कोकलू लागले. "झोपलास काय रे?" एक जण ओरडून पुढे गेला. मग बाकीचे गेले. सगळ्यांच्या मागून कचऱ्याची गाडी आली, तीही त्याच्यापुढे निघून गेली.