कुमुदबाईंनी न कापलेला दोर

मी दोर बोलतोय. म्हणजे माझं जे काही उरलंय ते बोलतंय. सध्या माझा एक तुकडा प्लास्टिकच्या मांडवाला बांधलाय, एक बकरीच्या गळ्यात आहे आणि एकावर ओले कपडे वाळत पडलेत. तरी मला हिणवू नका. एके काळी माझ्यावर माणसं लटकायची, आणि तीही हौसेने.

मी नायलॉनचा, तीन पेडांचा. डॉ. कुमुदिनी सावे यांनी मला मुंबईच्या एका दुकानातून घेतलं, तेव्हा आपल्याकडे कातळ चढणारी माणसं फार थोडी होती, बायका तर त्याहून थोड्या. दुकानदाराने विचारलं, "विहिरीसाठी का?" बाई म्हणाल्या, "नाही, माझ्यासाठी." तो बिचारा सुटे पैसे द्यायलाच विसरला.

कुमुदबाई मूळच्या बोर्डीच्या. शिकल्या भूगर्भशास्त्र. खडकांच्या अभ्यासासाठी सुळक्यांच्या पायथ्याशी जायच्या, पण वरचा दगड कसा आहे हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही, म्हणून चढायला शिकल्या. माथ्यावर पोचल्यावर सोबतचे लोक देखावा बघत बसायचे आणि बाई पालथ्या पडून भिंगातून खडक बघायच्या. एकदा त्यांच्या पायाखालचा दगड निसटला. मी ताणलो, करकरलो, पण त्यांना सोडलं नाही. खाली उतरल्यावर त्यांनी मला गालाशी धरलं. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

निवृत्तीनंतर बाई बोर्डीच्या चिकूवाडीतल्या घरी राहायला आल्या. २०१४ साली गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा तलासरीकडच्या एका पाड्यावरची जिवली त्यांच्या सोबतीला आली. जिवली सगळ्यांशी एकेरीच बोलते. बाईंना ते फार आवडायचं.

खंडेनवमीला बाई हातोडी, भिंग आणि मला पाटावर मांडून झेंडूचं फूल वाहायच्या. मग मला मुठीतून सावकाश सरकवत टोकापर्यंत तपासायच्या. दोर कुठे कडक झालाय, कुठे चपटा पडलाय, ते बोटांना कळतं.

"दोर म्हातारा झाला की कापून टाकायचा असतो, जिवली. आम्हा चढणाऱ्यांची रीतच आहे ती. अख्खा दिसला की कुणीतरी त्याच्या भरवशावर लटकतं."

"मंग काप ना, बाई."

बाईंनी कोयता हातात घेतला. मला वाटलं, संपलं सगळं. पण कोयता बाजूला ठेवून त्यांनी मला पुन्हा गुंडाळलं. "उद्या कापू," म्हणाल्या. पुढच्या खंडेनवमीलाही तेच. नायलॉन आतून कसं मरतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण हात काही चालेना. आणि मी वेडा मनातल्या मनात खूश व्हायचो.

२०१६च्या थंडीत बाई गेल्या. त्यांच्या भाच्याने जिवलीला सांगितलं, आठवण म्हणून काय हवं ते ने. तिने मला उचललं आणि पाड्यावर नेऊन आढ्याला टांगलं.

२०१८च्या दिवाळीनंतर तिथली जमीन हलायला लागली. भांडी वाजायची, भिंतींना तडे जायचे. लोक घरं सोडून अंगणात प्लास्टिकच्या मांडवाखाली झोपू लागले. बाई असत्या तर जमिनीला कान लावून बसल्या असत्या, आणि जिवलीने त्यांना रागावून उठवलं असतं.

फेब्रुवारीत एका धक्क्याने पाड्याच्या विहिरीचे दगड ढासळले आणि पंपाचा पाइप त्यांत अडकला. पाणी बंद झालं. जिवलीचा मुलगा उमेश विहिरीत उतरायला तयार झाला. तान्ह्या मुलीचा बाप तो, अंगात नवा जोर. घरातले दोर मांडव बांधण्यात संपले होते. शेजारचा बारक्या आढ्याकडे बघून म्हणाला, "तुझे आयशीकडं बाईचा डोंगराचा दोर हाय ना? त्याच्यापरीस भारी काय असंल?"

दोघांनी मला दोन बाजूंनी खेचून बघितलं. मी तुटलो नाही. तिथेच ते फसले. खेचणं वेगळं आणि माणूस निसटल्यावर बसणारा हिसका वेगळा. पण दोराला तोंड कुठे असतं? उमेशने मला कमरेला बांधलं. त्याच्या पोटाची ऊब लागली आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझीच भीती वाटली.

इतक्यात जिवली लाकडं घेऊन आली. तिने मोळी तिथेच टाकली.

"सोड तो."

"आये, बाईची आठवण हाय म्हणून देत नाय का?"

तिने त्याच्या कमरेची गाठ सोडली आणि मला मुठीतून सरकवत गेली, अगदी बाईंसारखी. एका जागी थांबली. तिथेच पुन्हा बोट फिरवलं. मग कोयता मागितला.

घाव घालून माझे तुकडे करताना ती रडत होती. "बाईचा हात झाला नाय," ती म्हणाली, "आता मलाच करायला लागंल."

"चांगला दोर फुकट घालवला," बारक्या चिडला. दोर पक्का आहे हे दाखवायला, जिथे तिचं बोट थांबलं होतं तो तुकडा त्याने उचलला, एक टोक रहाटाच्या खांबाला बांधलं, दुसऱ्याला विहिरीचा दगड, आणि दगड आत सोडून दिला. मी काडकन तुटलो. खालून पाण्याचा आवाज आला. उमेश विहिरीच्या काठावरून मागे सरकला. त्याची बायको दक्षा मुलीला घट्ट धरून उभी होती.

दुसऱ्या दिवशी तलासरीच्या बाजारातून नवा दोर आणला. उमेश उतरला, दगड काढले, पाणी सुरू झालं.

दक्षाने बाळाच्या झोळीसाठी माझा एक तुकडा मागितला होता. जिवली म्हणाली, "जीव टांगायचा नाय त्याच्यावर." यंदाच्या खंडेनवमीला मात्र तिने माझ्या प्रत्येक तुकड्यात झेंडूचं फूल खोचलं. बकरीने तिच्या वाटणीचं लगेच खाल्लं.

जमीन अजून अधूनमधून हलते. मला बाईंची फार आठवण येते. तुमच्याकडे एकच मागणं आहे. मी मांडव धरीन, कपडे धरीन, बकरीसुद्धा धरीन. पण उद्या कुणी माझे तुकडे गाठी मारून जोडायला बसलं, तर त्याचा हात धरा.