बर्फातला मासा आणि मी

मित्रांनो, मी मासा आहे असं म्हणालो तर तुम्ही मला खोटारडा म्हणाल, आणि ते बरोबरच आहे. मी एक जुना लाकडी मासा आहे. गळाच्या दोरीला बांधून मला पाण्यात फेकतात, मी जिवंत असल्यासारखा वळवळतो, आणि एखादा खरा मासा मला खायला येऊन अडकतो. झालं माझं काम. दुसऱ्या वस्तू आपली कहाणी छाती फुगवून सांगतात. मी काय दिवे लावले ते ऐकलंत तर तुमचीच मान खाली जाईल. पण सांगायला तर हवं.

माझा जन्म एका चष्म्याच्या दुकानातला. तिथल्या स्टुलावर एक चांगलं दणकट गिऱ्हाईक बसलं आणि स्टुलाचा पाय मोडला. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे चष्मेवाले म्हणत, त्यांनी तो पाय टाकून दिला नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते चाकूने तो तासत बसायचे. त्यांनी माझ्या पोटात शिसं भरलं, पाठ निळी आणि पोट चंदेरी रंगवलं. डोळ्यांच्या जागी भिंगाचे दोन कपचे घासून बसवले. पोटाखाली आणि शेपटीला गळ लटकवले. काचेच्या कपाटावर मला वाळत ठेवलं तेव्हा येणारा जाणारा म्हणायचा, "वा! अगदी खरा वाटतो हो!" मी फुलून जायचो. खोटेपणाचं कौतुक चाललंय हे कळायची अक्कल तेव्हा मला नव्हती.

ती अक्कल आली पहिल्या माशाबरोबर. उन्हाळा सरून हवेत गारवा आला होता. आमच्या गावात खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे दगडी धक्का आहे. या दिवसांत खाडीतलं उथळ पाणी आधी गार पडतं. मग उन्हाळाभर तिथे वाढलेली बारीक मासळी ओहोटीबरोबर बाहेर समुद्राकडे निघते, आणि मोठे मासे तोंडाशी दबा धरून बसतात. कुठे बसतात? जिथे धावतं पाणी आणि संथ पाणी एकमेकांना घासून जातं, तिथे. पाण्यावर एक सुरकुती दिसते. चष्मेवाल्यांनी मला त्या सुरकुतीच्या वरच्या अंगाला फेकलं, वाहू दिलं, एकदा ओढलं आणि थांबले. थांबल्यावरच मासा झडप घालतो. तशीच घातली. त्याचा डोळा माझ्या डोळ्याशी आला. बिचारा मला सख्खा समजून आला होता, निदान जेवण तरी. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की काय सांगू! पण मला पापण्याच नाहीत, डोळे मिटणार तरी कसे?

पुढे किती शरद गेले ते मी मोजले नाहीत. चष्मेवाले माणूस मोठा कडक. दुकानात गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचे, "ही फ्रेम घालून तुम्ही घुबड दिसता, ती ठेवा खाली." धक्क्यावर कुणाशी तरी वाऱ्यावरून भांडायचे. घरी लेकीशी भांडायचे. लेक त्यांच्याच वळणाची, एकाला दोन ऐकवणारी. तिची आई लवकर गेली, तेव्हापासून दोघंच. सकाळी चहा उकळायच्या आत एक भांडण झालं नाही तर शेजारचे विचारायला यायचे, बरं आहे ना सगळं? फक्त धक्क्यावर ती कधी यायची नाही. "मेला तो वास!" म्हणायची आणि नाक मुरडायची.

आणि मग एका उन्हाळ्यात चष्मेवाल्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला. पाय फरपटत का होईना चालायला लागला. पण उजवा हात काही वळेना. भिंग घासणं गेलं, दुकान लेक बघू लागली. मी डब्यात पडलो. माझ्या गळांना गंज चढला, त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. फसवायचं काम सुटलं म्हणून उलट बरंच वाटलं.

पण डब्यातूनही ऐकू येतं. आणि जे ऐकू येई ते ऐकवत नव्हतं. सगळं घर गोड झालं होतं. त्यांनी डाव्या हाताने सदऱ्याचं बटण लावलं की लेक म्हणे, "वा बाबा, जमलं की!" डॉक्टर म्हणत, "शाब्बास आजोबा!" भाजी खारट झाली तरी चष्मेवाले म्हणत, "बरं आहे." चहा गार झाला तरी "बरं आहे". लेकीने एकदा मुद्दाम त्यांचा पेपर चुरगळून ठेवला, निदान चिडतील म्हणून. त्यांनी तो मांडीवर ठेवून डाव्या हाताने सरळ केला आणि वाचायला लागले. स्वयंपाकघरात जाऊन ती रडली. शेजारणीला म्हणाली, "मावशी, माणूस घरात आहे, पण माझे बाबा कुठे गेले तेच कळत नाही मला."

हवा गार व्हायला लागली तसं तिने डबा काढला, गळांचा गंज घासला आणि वास सोसून त्यांना धक्क्यावर घेऊन गेली. खुर्ची टाकून दिली. चष्मेवाले गळाची काठी उजव्या काखेत दाबत, डाव्या हाताने मला फेकत. मी जायचो कुठे, तर धक्क्याच्या पायथ्याशी, शेवाळात! सुरकुती दूर राहायची आणि तिथे मासे उड्या मारायचे. असे बरेच दिवस गेले. धक्क्यावरची माणसं "होईल, होईल" म्हणायची. एका सकाळी निघताना चष्मेवाले शांतपणे म्हणाले, "आज काही लागलं नाही तर काठी कुणालातरी देऊन टाकू. उगाच तुझा खोळंबा."

लेकीने पिशवी उचलली. आणि तिने जे केलं ते सांगताना मित्रांनो, माझी आजही लाज जात नाही.

धक्क्याच्या तोंडाशी एक मासळीवाली मावशी बसते. लेकीने हळूच तिच्याकडून एक मोठा मासा घेतला आणि पिशवीत लपवला. मावशी म्हणाली, "तोंड मोठं आहे बघ, गळ नीट बसेल," आणि पदराआड हसली. मग नेहमीप्रमाणे मी धक्क्याच्या पायऱ्यांखाली शेवाळात अडकलो. "थांबा बाबा, मी सोडवते," म्हणत ती खाली उतरली. वरून ती दिसत नव्हती. तिने मला धरलं आणि त्या माशाच्या तोंडात कोंबलं. त्याचे डोळे पांढरे झाले होते. आजवर मी ज्यांना फसवलं ते निदान भुकेले तरी होते! हा गरीब कालपासून मेलेला, आणि मी त्याच्या जबड्यात शिकारी असल्याच्या थाटात. ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली, दोन्ही हातांनी दोरीला हिसके देऊ लागली आणि ओरडली, "बाबा! लागला! ओढा, ओढा!"

चष्मेवाल्यांनी ओढलं. काठी काखेत, डावा हात दोरी गुंडाळायच्या चरखीवर, तोंड घामाने डबडबलेलं. आम्ही दोघं ओल्या टॉवेलासारखे वर आलो. लोकांनी टाळ्या पिटल्या. चष्मेवाल्यांनी डाव्या हातात मासा धरला. त्यांची बोटं त्याच्या कल्ल्यावरून, पोटावरून फिरली आणि थांबली. मी अगदी जवळून त्यांचा चेहरा पाहिला. त्यांना कळलं होतं. मला वाटलं आता कडाडतील. पण पायऱ्या चढून धापा टाकत येणाऱ्या लेकीकडे त्यांनी पाहिलं, तिची साडी गुडघ्यापर्यंत चिंब, चेहरा आनंदाने लाल. ते म्हणाले, "छान मोठा आहे गं."

मग काय विचारता! लेकीने गावभर सांगितलं. शेजारपाजारचे पेढे मागायला आले. "डाव्या हाताने, काय सांगता?" चष्मेवाले मान हलवत, हसत, आणि पाहुणे गेले की भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मला तर लेकीने दुकानात, काचेच्या कपाटावर, खिळ्याला टांगलं. गिऱ्हाइकांना दाखवायची, "याच्यावरच लागला तो." लोक मला निरखून बघायचे. जन्मात एवढा सन्मान झाला नव्हता, आणि जन्मात इतकं तोंड लपवावंसं वाटलं नव्हतं. त्या खिळ्यापेक्षा गंजका डबा बरा.

आणि चष्मेवाले धक्क्यावर जायचं नावच काढेनात. "पाय दुखतो." "वारा आहे." लेकीला कळेना. मासा मिळूनही हे असं का? बाहेर जमिनीवरून समुद्राकडे वारा सुटला होता. अशा वाऱ्याने खाडीचं पाणी खूप खाली जातं, मासळी बाहेर पडते, आणि मग खाडी रिकामी होते ती पुढच्या वर्षापर्यंत. शेवटचे चांगले दिवस चालले होते. एका दुपारी चष्मेवाले दुकानात येऊन बसले असताना ती मला खिळ्यावरून काढायला लागली. म्हणाली, "चला ना बाबा, उद्या जाऊ."

"राहू दे त्याला तिथेच," चष्मेवाले म्हणाले. "मेलेला मासा पकडणारा जगात तो एकटाच आहे."

मी तिच्या हातात होतो. मला तसंच धरून ती त्यांच्याकडे वळली.

"तुम्हाला कळलं होतं?"

"बर्फातला होता गं. या दिवसांत हवा गार असते, पण समुद्राच्या अंगात अजून उन्हाळा असतो. मासा हातात घेतला की कोमट लागतो. तुझ्या माशाने माझी बोटं गारठली."

"मग तेव्हाच का नाही बोललात? ओरडायचं ना माझ्यावर!"

"कुठल्या तोंडाने ओरडू?" चष्मेवाले म्हणाले. "तू पाण्यात उभी राहून दोरी हलवत होतीस. पाण्याकडे ढुंकून न बघणारी तू! मला वाटलं, आपली ही दशा झाली, की पोरीला आपल्यासाठी मासा पकडल्याचा खेळ करावा लागतो. लाज वाटली मला. तुझी नाही, माझी."

लेक खाली स्टुलावर बसली. "मला वाटलं तुम्ही खुश व्हाल," ती म्हणाली. भिंगांच्या ट्रेवर तिच्या डोळ्यांतलं पाणी पडत होतं. मित्रांनो, तिथे तीन जण शरमेने मान घालून बसले होते, त्यातला एक लाकडाचा.

तिने नाक पुसलं. "मग मी काय करू, ते तरी सांगा."

"मला टाकता येत नाही," चष्मेवाले म्हणाले. "कुठे टाकायचं ते येतं. तुला टाकायला शिकायचं असेल तर चल. नाहीतर राहू दे."

दुसऱ्या दिवशी ओहोटी धरून आम्ही धक्क्यावर गेलो. लेकीने पहिल्यांदा मला फेकलं ते मागे, मासळीवाल्या मावशीच्या छपरावर. दुसऱ्यांदा स्वतःच्या पदरात. चष्मेवाले खुर्चीतून हळू आवाजात सांगत होते, अजून गोडच. "पक्षी कुठे सूर मारतायत बघ. त्याच्या अलीकडे सुरकुती आहे. वरच्या अंगाला टाक. वाहू दे." मी पडलो एकदाचा जागेवर. "आता ओढ. थांब. घाई नको. थांब म्हटलं ना!"

ती थांबली, आणि दगडाला धडकावं तसा दणका बसला. केवढा तो! मी त्याच्या जबड्यात, पाणी फेसाळलेलं, काठी कमानीसारखी वाकलेली. लेक घाबरून ओरडली, "बाबा, घ्या! घ्या ना काठी!"

चष्मेवाल्यांनी चांगला हात पाठीमागे घेतला. "मी नाही घेणार. तुझा आहे तो."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. तेवढ्यात दोरी सैल पडली, माशाने डोकं झटकलं, आणि मी हवेतून येऊन दगडावर आपटलो. पाण्यावर एक वलय उरलं, मग तेही वाहून गेलं.

"अगं, माझ्याकडे काय बघतेस!" चष्मेवाले खुर्चीतून अर्धे उठून गरजले. "दोरी सैल सोडतात का? वेड लागलंय का तुला?"

"तुम्ही हात मागे घेतलात म्हणून!"

"मी हात मागे घेतला म्हणून तू अक्कल मागे घ्यायचीस? एवढा मासा! एवढा मासा घालवला!"

"मग आधीच नीट सांगायचं होतं! थांब काय, ओढ काय, एक धड सांगाल तर शपथ!"

मासळीवाली मावशी लांबून म्हणाली, "हळू बोला गं, माझी मासळी घाबरेल." कुणी ऐकलं नाही. ते दोघं भांडत भांडत धक्का उतरले, भांडत दुकानाशी पोहोचले. लेक भांडताना रडत होती आणि डोळे पुसायलाही थांबत नव्हती, कारण थांबली असती तर त्यांना बोलायला जास्त जागा मिळाली असती. माझा एक गळ वाकला होता. मासा सुटला त्यात थोडा दोष माझाही होता आणि त्याची मला लाज वाटत होती. पण ती कामात हरल्याची लाज, ती मी आनंदाने घेतली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचा हात चालेनासा झाला असेल, कुणाला ऐकू येत नसेल. त्यांना औषध वेळेवर द्या, जिन्यावर आधार द्या, ते तर करायलाच हवं. पण त्यांच्या गळाला मेलेला मासा लावू नका. त्यांचा मासा सुटला तर सुटू द्या, ते चुकले तर चुकलात म्हणा, आणि ते ओरडले तर खुशाल उलटून ओरडा.